‘पाव’ : शब्द एक की तीन? फलकावर लिहिण्याआधी खात्री करायची आहे

नौपाडा_वाचनकट्टा

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या वाचनालयात २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, एका शब्दावर फलक लावायचा आहे. शब्द ठरलाय ‘पाव’. खायचा पाव, पाव किलो आणि ‘देव पावला’ हे तिन्ही त्यात यावेत असं वाटतं.

अडचण व्युत्पत्तीची आहे. खायच्या पावाबद्दल तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. एक, पीठ पायांनी तुडवत म्हणून पाव. दोन, मोठ्या रोटीचा चौथा भाग म्हणून पाव. तीन, शब्द पोर्तुगीज आहे. यातलं खरं कुठलं, आणि ते खरं कशावरून? नुसतं ‘असं म्हणतात’ फलकावर लिहायचं नाहीये. इतर भाषांत हा शब्द कुठे सापडतो तेही सांगितलंत तर उत्तम. जागा अडीच फूट बाय दोन फूट एवढीच आहे.

---

खाडीकाठ

शब्द तीन आहेत. उच्चार एक झालाय, इतकंच. फलकावर तीन स्वतंत्र रकाने करा, एका झाडाच्या तीन फांद्या काढू नका.

तीन आहेत हे कोश न उघडताही दिसतं, शब्द वाक्यात फिरवून बघायचा. खायचा ‘पाव’ पुल्लिंगी नाम आहे, त्याचं सामान्यरूप होतं : पावाला, पावात, पावाचा. ‘पाव किलो’तला पाव संख्याविशेषण, तो नामाबरोबर बदलत नाही : पाव किलोला, पाव भागात. तिसरा ‘पाव’ धातू : पावतो, पावला, पावेल, ‘देवा, आता तरी पाव’. तीन वेगळी व्याकरणं म्हणजे निदान तीन वेगळे इतिहास शोधायला हवेत.

मूळ थोडक्यात असं :

चौथा हिस्सा = संस्कृत पाद.
मिळणे, पोचणे, प्रसन्न होणे = संस्कृत प्र + आप्, म्हणजे ‘प्राप्त’मधला प्राप्.
खायचा पाव = पोर्तुगीज. लॅटिन ‘पानिस्’ म्हणजे भाकरी, पोर्तुगालात तो बदलून ‘पाँउ’ झाला, शेवटचा स्वर नाकात जाणारा, आणि त्याचा मराठीत पाव.

पहिल्या दोघांत ‘व’ कसा आला हे मुद्दाम सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘प’ प्राकृतात मऊ पडून ‘व’ होतो. कपाटाचं कवाड, दीपाचा दिवा, तापाचा ताव. त्याच नियमाने प्राप्-चं पाव. म्हणजे या शब्दातला ‘व’ हा मुळातला ‘प’ आहे.

‘पाद’चं तसं नाही. दोन स्वरांमधला ‘द’ प्राकृतात गळूनच जातो. कदलीचं केळ झालं, बदराचं बोर झालं, तसं पादाचं ‘पाअ’. आता दोन स्वर शेजारी आले, बोलताना मध्ये काहीतरी भरलं जातं. एकदा ‘य’ भरला गेला आणि ‘पाय’ झाला, एकदा ‘व’ भरला गेला आणि ‘पाव’ झाला. म्हणजे पाय आणि पावशेरातला पाव सख्खी भावंडं आहेत, मराठीने एकाला अवयव दिला, दुसऱ्याला अपूर्णांक.

तुमच्या पहिल्या गोष्टीचा निकाल इथेच लागतो. मराठीत चालतो तो ‘पाय’. ‘पाँव’ हिंदीत. पायांनी तुडवण्यावरून मराठी माणसाने नाव ठेवलं असतं तर त्यात ‘पाय’ ऐकू आला असता. बेकरीत पीठ कशाने मळत होते हा वेगळा प्रश्न आहे, त्याचं उत्तर काहीही असलं तरी शब्दाचं मूळ बदलत नाही.

---

ऐरोली_पूर्व

खायच्या पावाबद्दल पुरावा मागितलात ते बरं केलंत, कारण ‘चौथा भाग’वाली गोष्ट फार चिकट आहे. ती खोडायला शेजारच्या भाषांकडे जायचं.

गुजरातीत हा शब्द ‘पांउ’ असा, अनुस्वार देऊन लिहितात. ओडियात ‘पाउँरुटि’, तिथेही नाकातला उच्चार टिकलाय. बंगालीत ‘पाउरुटि’, हिंदीत ‘पावरोटी’. या जोडशब्दांत परक्या भाकरीच्या शेजारी आपली भाकरी बसवली आहे, ‘पाव’ म्हणजे काय हे ‘रोटी’ समजावून सांगते. सिंहलीत ‘पान्’. आणि पार जपानात ‘पान्’, तिथून कोरियात ‘प्पांग’. जपानात पोर्तुगीज पहिल्यांदा उतरले १५४३ साली. जपानी माणसाला ‘पाद’ म्हणजे चौथाई हे कुठून ठाऊक असणार? वसई, हुगळी, कोलंबो, नागासाकी ही ठिकाणं जोडणारा दुवा एकच, पोर्तुगीज जहाजं.

नाकातला तो शेवट मराठीने ‘आव’ केला याला दुसरा साक्षीदार ‘लिलाव’ आहे. पोर्तुगीज ‘लैलाँउ’चा मराठीत लिलाव झाला, हिंदीत तोच शब्द ‘नीलाम’. एकाने नाकातल्या स्वराचा ‘व’ केला, दुसऱ्याने ‘म’. पाँउ–पाव आणि लैलाँउ–लिलाव ही जोडी फलकावर शेजारी छापा, वाचणाऱ्याला नियम न सांगताच दिसेल.

स्थळकाळही जुळतो, आणि तुमच्यासाठी तो घरचाच आहे. वसईचा तह १५३४ चा. मराठ्यांनी ठाणं घेतलं १७३७ ला, वसई १७३९ ला. दोनशे वर्षं हा सगळा टापू पोर्तुगीज अंमलाखाली होता. ठाण्याच्या किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं ते त्यांनीच, पुरं केलं मराठ्यांनी. चावी, बटाटा, अननस, काजू, कोबी, घमेलं, पगार, तुरुंग, पाद्री, मेस्त्री हे सगळे त्याच वाटेने आले. या यादीकडे बघा : बाजार, घरकाम, बांधकाम, नोकरी, चर्च. पाव त्या घोळक्यात नीट बसतो.

गोव्यात पाव भाजणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘पादेइरु’. पीठ फुगवायला तिथे माडाची सूर वापरत. वस्तू, ती करणारा आणि तिचं नाव असं तिन्ही एकाच दिशेने आलं असेल तर व्युत्पत्तीबद्दल शंकेला फार जागा उरत नाही.

---

वाशी_सेक्टर९

पण लादी पावाचं काय? लादीतून एक पाव तोडून देतात, म्हणजे हिस्साच झाला की. ‘पाव = तुकडा’ असं का नसेल?

---

ऐरोली_पूर्व

लादीत पाव सहा असतात, आठ असतात, बेकरीगणिक बदलतात. चौथा हिस्सा कुठेच होत नाही. दुसरं म्हणजे मराठीत पाव हा अपूर्णांक एकटा वस्तूचं नाव होऊन बसत नाही, त्याला पुढे काहीतरी लागतं : पाव किलो, पाव हिस्सा, पाव वाटी. नाव करायचं तर प्रत्यय लागतो, जशी ‘पावली’. आणि ब्रून पाव सुटा असतो, कधीच लादीत नसतो, तरी पावच. ‘लादी’ हा शब्द मात्र फरशीच्या लादीचा, एकमेकांना चिकटलेल्या पावांच्या चौकोनी तुकड्याला चपखल बसलाय.

---

पावकी_निमकी

चौथाईच्या पावाला दोन ओळीत उरकू नका. तिन्हींत मराठीने सर्वात जास्त काम याच्याकडून करून घेतलंय.

पाय म्हणजे चौथा हिस्सा का? जनावराचे पाय चार, त्यातला एक म्हणजे पाव. श्लोकाचे चार चरण, एक चरण म्हणजे ‘पाद’. पत्रिकेत नक्षत्राचे चार चरण, प्रत्येकी ३ अंश २० कला. हीच कल्पना बाजारात उतरली.

आता घड्याळ बघा. ‘सव्वा’ म्हणजे स + पाद, पावासकट. इथे खाडीकाठ यांनी सांगितलेले दोन्ही नियम एकाच शब्दात दिसतात : ‘प’चा ‘व’ झाला, ‘द’ गळाला. ‘पाऊण’ म्हणजे पाद + ऊन, पावाने उणा. म्हणून पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, पावणेदोनशे म्हणजे १७५. मुलं इथे चुकतात कारण त्यांना ‘पावणे’ म्हणजे पाऊण वाटतं आणि दोनमध्ये पाऊण मिळवतात. ‘पावाने उणे’ हे एकदा सांगितलं की चूक पुन्हा होत नाही. पूर्वी पाढ्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असायची. पावकी म्हणजे पावाचा पाढा : पाच पावे सव्वा, सहा पावे दीड.

वजन. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पावशेर २० तोळे, २३३ ग्रॅम. पाव किलो २५०. आज जांभळी नाक्यावर ‘पावशेर मिरच्या’ मागितल्या तर काट्यावर २५० ग्रॅमच येतात, शब्द जुना, माप नवं. पण जुन्या वहीतल्या पाककृतीत ‘पावशेर साखर’ असेल तर २३० ग्रॅमच्या आसपास धरा, २५० टाकली तर पाकाचा अंदाज हुकतो. धान्य मापायच्या शेरातला चौथा हिस्सा म्हणजे चिपटं : दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर. ते आकारमान आहे, वजन नाही, दोन्ही एका रांगेत लिहू नका.

पैसा. १६ आण्यांचा चौथा हिस्सा चार आणे, ते नाणं पावली. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली आणि चार आण्यांचे २५ पैसे झाले. ३० जून २०११ पासून ते नाणं चलनातून गेलं. शब्द आता फक्त बोलण्यात उरलाय.

आणि लिहिण्याची पद्धत, ही फलकावर हवीच. जुन्या हिशेबात पाव दाखवायला अंकानंतर एक उभी रेघ काढत. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. एक रेघ एक पाव, एवढाच हिशेब. जुनं खातं वाचताना लोक हमखास फसतात : ‘२। शेर’ दिसलं की रेघेला पूर्णविराम समजून दोन शेर वाचतात आणि पुढची बेरीज जुळत नाही. रेघ अंकाला चिकटून असेल तर ती पावाची.

---

नौपाडा_वाचनकट्टा

फारच उपयोगी. दोन शंका. चिनी ‘बाओ’ हा मऊ पांढरा पाव असतो, मलेशियात त्याला ‘पाउ’च म्हणतात. त्याचा आपल्या पावाशी संबंध? आणि इंग्रजीत या तिन्हींचे कुणी नातलग आहेत का?

---

खाडीकाठ

बाओचा संबंध नाही. चिनीत ‘बाओ’ म्हणजे गुंडाळणे, गुंडाळलेली वस्तू, आत सारण भरून तोंड बंद केलेला म्हणून ते नाव. मलेशियातला पाउ हा त्याच शब्दाचा दक्षिण चीनमधला उच्चार, तिथल्या चिनी वस्तीबरोबर गेलेला. चिनी भाषेत आपल्यासारख्या पावाला ‘म्येन-बाओ’ म्हणतात, म्हणजे पिठाचा बाओ. दोन्ही मऊ, दोन्ही पांढरे, उच्चार सारखा, तरी नातं शून्य. फलकावर असा एक फसवा नातलग जरूर दाखवा, व्युत्पत्तीत माणूस सर्वात जास्त घसरतो तो ऐकू आलेल्या सारखेपणावर.

असे फसवे आणखी आहेत. पोर्तुगीजमध्येच ‘पाउ’, नाकात न जाणारा, म्हणजे काठी. ती लॅटिन ‘पालुस्’ची, मेख किंवा खुंटाची. नवशिक्याने दुकानात नाक न वापरता पाव मागितला तर तो काठी मागतो. कातालान भाषेत ‘पाउ’ म्हणजे शांतता आणि ‘पा’ म्हणजे भाकरी, पैकी फक्त ‘पा’ आपल्या पावाची बहीण. हवाईच्या भाषेत ‘पाउ’ म्हणजे संपलं. ध्वनी थोडे, भाषा हजारो, असे योगायोग होणारच.

इंग्रजी नातलग मात्र आहेत, आणि सुंदर आहेत. पाद आणि ‘फूट’ एकाच मुळाचे. इंग्रजीच्या घराण्यात मूळ ‘प’चा ‘फ’ होतो, जसं पितृ–फादर, पंच–फाइव्ह. लॅटिनमधून आलेल्या पेडल आणि ग्रीकमधून आलेल्या ट्रायपॉडमध्ये तो ‘प’ तसाच आहे. खायच्या पावाचं लॅटिन ‘पानिस्’ हे पोसणे, चारणे या अर्थाच्या मुळाकडे जातं, आणि त्याच मुळातून इंग्रजी ‘फूड’ आलं. म्हणजे आपल्याकडे पाव आणि पाव, इंग्रजीत फूट आणि फूड. दोन वेगळी मुळं दोन्ही भाषांत एकमेकांच्या इतकी जवळ येऊन उभी राहिली.

‘पानिस्’चं आणखी एक मूल तर रोज आपल्या तोंडी असतं. एकत्र भाकरी खाणारे ते लॅटिनमध्ये ‘कोम् + पानिस्’, त्यावरून कंपॅनियन, त्यावरून कंपनी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सकाळी ‘कंपनीत चाललो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या वाक्यात पावाचा तुकडा आहे.

---

नेरूळ_मुद्रितशोधक

धातूकडे कुणी वळलंच नाही, म्हणून.

‘पावणे’चा मूळ अर्थ पोचणे, मिळणे. प्रसन्न होण्याचा अर्थ नंतरचा : भक्ताच्या हाकेला देव पोचतो, तो पावतो. गणपतीच्या आरतीत ‘संकटी पावावे’ म्हणताना आपण ‘संकटात धावून ये’ असंच म्हणत असतो. ‘नवसाला पावणारा’ हे त्याच्या पुढचं पाऊल. जुना अर्थ पत्रव्यवहारात टिकला : ‘पत्र पावले’, ‘रक्कम भरून पावली’, आणि त्यावरून ‘पावती’. वाणसामानाच्या दुकानातली पावती म्हणजे ‘पैसे पोचले’ हे लेखी कबूल करणं. ‘आजपावेतो’ मधला पावेतो हाही याच धातूचा, आजवर येऊन पोचेपर्यंत. ‘मृत्यू पावणे’, ‘संतोष पावणे’ यांत तो नामाला जोडून ‘त्या अवस्थेला पोचणे’ सांगतो. हिंदी ‘पाना’, नेपाळी ‘पाउनु’ ही त्याचीच रूपं. हिंदीत प्रसन्न होण्याचा अर्थ मात्र ‘पाना’ला चिकटला नाही, ‘देव पावला’ हिंदीत शब्दशः करून बघा, जमणार नाही.

आता तुमच्या फलकावर हमखास होतील अशा चुका.

‘पावणे’ एका घरात टाकू नका. ‘पावणे’ धातू वर आला. ‘पावणेपाच’ मधला पाद + ऊन. आणि गावाकडे ‘पावणं आलं’ म्हणतात तो पाहुणा, संस्कृत ‘प्राघूर्ण’, प्राकृतात पाहुण. त्यातला ‘ह’ बोलण्यात विरला म्हणून तो धातूसारखा ऐकू येतो. घरी येऊन पोचतो म्हणून पावणा, ही व्युत्पत्ती गोड आहे पण चुकीची. नवी मुंबईतलं ‘पावणे’ गाव तर यात घेऊच नका, एमआयडीसीमुळे नाव सगळ्यांना माहीत आहे म्हणून मोह होईल. गावाच्या नावाला नुसत्या उच्चारावरून मूळ चिकटवायचं नसतं, जुन्या कागदांत ते कसं लिहिलंय हे बघावं लागतं.

‘पावली’ तीन आहेत. नाणं, ‘देवी पावली’ हे क्रियापद, आणि ‘आल्या पावली परत गेला’ मधलं पाऊल. पाऊल पुन्हा ‘पाद’चंच, मागे ‘ल’ लागलेलं.

वाचणाऱ्याला थांबवायला एक वाक्य देते, हवं तर मधोमध मोठ्या अक्षरात घ्या :

पावणे पावणेपाचला पावले, म्हणून पाव डझन पाव आणले.

पाच शब्द, चार मुळं : प्राघूर्ण, पादोन, प्राप्, पाद आणि पोर्तुगीज पाँउ. मोजाल तर नावं पाच येतील, पण पादोन आणि पाद एकाच घरचे. पाव डझन म्हणजे तीन, हे खाली बारीक अक्षरात लिहा, मुलं विचारतात.

मूळ पडताळायचं तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. तिथे जाताना शब्द नुसता ‘पाव’ म्हणून शोधू नका. कोशात एकसारख्या शब्दांच्या नोंदी एकाखाली एक स्वतंत्र असतात आणि धातू ‘पावणे’ या रूपात, काही पानं पुढे. पहिली नोंद मिळाली की लोक कोश मिटतात, म्हणूनच तिघांची मुळं एकाच्या गळ्यात पडतात.

---

नौपाडा_वाचनकट्टा

ते वाक्य मधोमध घेतोय. तीन रकाने, खाली बाओ आणि पोर्तुगीज काठी ‘फसवे नातलग’ म्हणून, उजव्या कोपऱ्यात १। १॥ १॥।. मजकूर उद्या छपाईला देतोय.

---

पावकी_निमकी

छपाईवाल्याला रेघांबद्दल आधीच सांगून ठेवा. टाइप करणारे ‘।’ला पूर्णविराम समजून त्याच्या आधी किंवा नंतर मोकळी जागा सोडतात, कधी त्याचं टिंब करतात, आणि ‘॥।’ ओळीच्या शेवटी आलं तर दोन रेघा वरच्या ओळीत, तिसरी खालच्या ओळीत जाते. मग पावणेदोनाचं दीड होतं. अंक आणि रेघा एकसंध ठेवायला सांगा, आणि पक्क्या छपाईआधी एक कच्ची प्रत कागदावर काढून तीनही आकडे मोठ्याने वाचून घ्या.